पडक्या स्टेशनात लोकांना जाऊ द्या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातली चार पोरं एका बंद स्टेशनात रात्रीची शिरली आणि तिथलं चित्रीकरण ‘भुताचं स्टेशन’ म्हणून मोबाईलवर सगळीकडं फिरवलं. बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांच्या छोट्या लाईनीवरचं हे स्टेशन. तिथं गाडी थांबायची बंद होऊन पंधरा वर्षांवर काळ लोटला. गावाचं नाव मी घेत नाही, कारण त्या जागेचं काय करायचं ते गावानं अजून ठरवायचं आहे. चित्रफीत फिरली तसा वाद पेटला. पोरांवर गुन्हा नोंदवा आणि दारं-खिडक्या विटांनी बुजवून टाका, असं एका बाजूचं म्हणणं. सांगाडा पाडा, जागा मोकळी करा, गाळे काढले तर दहा घरांच्या पोटाला लागेल, असं दुसरीचं. तिसरी बाजू शहरात राहणाऱ्यांची. हा वारसा आहे, रंगवून घ्या, दिवे लावा, खाण्यापिण्याचं एखादं झकास ठिकाण करा. महिनाभर हे चाललं. त्या महिन्यात भेटेल त्याला मी एकच विचारत होतो, तुम्ही आत जाऊन आलात का? ती चार पोरं सोडली तर भांडणाऱ्यांपैकी कुणीच गेलेलं नव्हतं.

माझं म्हणणं असं की बंद पडलेली जुनी स्टेशनं लोकांना पाहायला उघडी करून द्यावीत. दिवसाउजेडी, वहीत नाव लिहून, वाट दाखवणारा माणूस बरोबर देऊन, पण उघडी. जी जागा कुणी धड पाहिलेलीच नाही, ती ठेवायची की पाडायची याचा निवाडा कशाच्या आधारावर करायचा? आणि कुलपानं इमारत वाचते ही समजूत तर साफ चुकीची आहे. कुलूप लागलं की शाळेतल्या मुलांचं जाणं थांबतं, जुन्या गँगमनचं थांबतं, फलाटाशेजारी जन्म काढलेल्या म्हातारीचं थांबतं. दगड आणि लोखंड उचलून नेणाऱ्याला मात्र कुलूप कधी आडवं आलेलं नाही.

हे मी पाहून सांगतो आहे. विचारून, रीतसर, तीनदा मी त्या स्टेशनात गेलो. एकदा बरोबर एक निवृत्त सांधेवाले मामा होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवण्यासाठी सांधा ओढणारे. बाहेरून बघाल तर येड्या बाभळीत बुडालेल्या चार भिंती. आत गेलात की काळ्या दगडाची, चुन्यात बसवलेली घडीव बांधणी नजरेत भरते. तिकिटाच्या खिडकीचा दगडी उंबरा हात घासून घासून मधोमध खोलगट झालेला आहे. मामांनी त्या खळग्यात पंजा ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, सुटे पैसे इथंच ठेवायचे. पोरगं कडेवर असलेल्या बाईचा हात इथवर पुरत नव्हता, मागचा माणूस पैसे पुढं द्यायचा.” फलाट म्हणावा असा उंचवटा तिथं नाहीच, छोट्या गाडीच्या पायऱ्या जमिनीजवळूनच सुरू व्हायच्या. मालधक्का मात्र उंच आहे. कापसाच्या गाठी आणि तुरीची पोती पाठीवरून थेट वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, सरकवता यावीत अशा उंचीचा. सांधा कुठं होता, तो ओढायला कुठल्या दगडाला टाच रोवून उभं राहावं लागायचं, हे मामांनी उभं राहून दाखवलं. कडुलिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की त्याच्यावर टोले पडायचे आणि शेतातली माणसं त्या टोल्यांवर भाकरीची वेळ ठरवायची. पहिल्या खेपेला तो तुकडा मी हातानं वाजवून पाहिला. दुसऱ्या खेपेला तो नव्हता. तिसऱ्या खेपेला तिकीटखिडकीची सागवानी चौकट गेलेली होती. दाराचं कुलूप तिन्ही खेपांना जागच्या जागी होतं.

त्या खोलगट उंबऱ्याचं, टाच रोवायच्या दगडाचं, भाकरीच्या वेळेचं टिपण कुठल्या फाईलमध्ये सापडेल? इमारतीचा नकाशा कुठंतरी असेल. माणसं ती इमारत कशी वापरत होती, हे त्या नकाशात नसतं. ते मामांसारख्यांच्या डोक्यात आहे आणि जागेवर उभं राहिल्याशिवाय ते आठवत नाही. घरी बसून मी त्यांना तासभर विचारत होतो, तेव्हा पाच वाक्यांपलीकडं काही निघालं नव्हतं.

छोटी लाईन म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. नव्या पिढीला हे सांगावं लागतं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी पहिली गाडी धावली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचं असतं १६७६. कॅलथ्रॉपचा हिशेब असा की गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ चालतात, हलके पूल चालतात आणि जिथं मोठी रेल्वे कधी परवडली नसती त्या मुलखातही गाडी नेता येते. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९०७ मध्ये तडवळ्याला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूरची गंजगोलाई १९१७ ची. गाडी आल्यावर सहा वर्षांत एवढी आखीव बाजारपेठ वसते, याला निव्वळ योगायोग म्हणायचं का? १९५४ मध्ये सरकारनं ही कंपनी विकत घेतली आणि पुढं २००७-०८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्गाचं रुंदीकरण झालं. राष्ट्रीय स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात संरक्षणासाठी वास्तू शंभर वर्षं जुनी असण्याची अट आहे. तडवळ्यापर्यंतच्या लाईनीला शंभर वर्षं पुरी झाली, त्याच सुमाराला ती मोडीत निघाली.

या लाईनीत एक गोष्ट अशी दडलेली आहे जी मराठवाड्याच्या माणसाला तरी कळायला हवी. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती. येडशी, तडवळे, लातूर हा सगळा निजामाचा उस्मानाबाद जिल्हा. म्हणजे पांगरी सोडून येडशीला पोचेपर्यंत गाडीतला माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. इकडं इंग्रजी रुपया, तिकडं निजामाचं नाणं, हाली शिक्का. इकडचा कायदा वेगळा, तिकडची करोडगिरी, म्हणजे जकात, वेगळी. रुंदीकरणात धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, शहर मार्गावर यावं म्हणून रूळ वळवले गेले. ते योग्यच झालं. जिल्ह्याच्या गावाला रेल्वेसाठी शंभर वर्षं ताटकळावं लागणं हा अन्याय होता. पण त्या वळणामुळं रामलिंगच्या डोंगराकडून जाणारी जुनी वाट सुटली. आज तिच्यावर बाभळी माजल्या आहेत आणि तीच नेमकी हद्दीवरची वाट आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, मुक्तिसंग्रामाची भाषणं करतो. निजामाची हद्द कुठून जात होती हे पोरांना पायी चालवून दाखवता येईल अशा किती जागा आपल्याकडं उरल्या आहेत? याच लाईनीवरच्या कसबे तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. ज्या छोट्या गाडीनं या भागातली गावं बाहेरच्या जगाला जोडलेली होती, तिच्या खुणा अशा परिषदांच्या इतिहासाचाही भाग आहेत. केवळ कमानी आणि नक्षी बघून ‘यात काय आहे’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही, कारण ते ही इमारत देवळाच्या किंवा किल्ल्याच्या मापानं मोजतात.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडं येतो. सगळ्यात भक्कम मुद्दा जिवाचा आहे आणि तो मला मान्य आहे. चुना सुटलेली भिंत पहिल्या पावसात कोसळू शकते. इंजिनाला पाणी देण्यासाठी खणलेली विहीर उघडी असते. पालापाचोळ्यात साप असतात. ती चार पोरं रात्री आत गेली हे चूकच होतं आणि त्यांच्यातलं कुणी विहिरीत पडलं असतं तर आज हा लेख लिहायला माझा हात उचलला नसता. कायदाही स्पष्ट आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाही तर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण या मुद्द्यावरून बंदी कशी निघते ते मला समजत नाही. विहीर धोक्याची असेल तर तिच्यावर जाळी टाका. एक खोली पडायला आली असेल तर तेवढी दोरीनं अडवा. परभणी जिल्ह्यात वालूरला चक्राकार बारव आहे. कित्येक वर्षं ती गाळानं भरलेली होती. खोल, निसरडी, पोरांना तिकडं फिरकू नको म्हणून दटावण्याची जागा. गावकऱ्यांनी गाळ उपसला, पायऱ्या मोकळ्या केल्या आणि आज लांबून माणसं ती बघायला येतात. तिथं धोका कमी झाला तो माणसांचा राबता वाढल्यामुळं. ओसाड जागा ओसाड ठेवून कधी सुरक्षित झाली आहे?

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आमच्याच चळवळीतल्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, या रेल्वेचे गोडवे कशाला? ती इंग्रजांच्या कंपन्यांनी कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी बांधली. निजामाच्या राज्यातल्या मोठ्या लाईनीसाठी भांडवलदारांना व्याजाची हमी मिळाली आणि ती रयतेच्या पैशातून. वर आम्ही अरुंद रुळांपायी पिढ्यान्‌पिढ्या मागं राहिलो. मनमाडला उतरा, कुर्डुवाडीला उतरा, सामान डोक्यावर घ्या, दुसरी गाडी धरा. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा ब्रॉडगेजची मागणी त्यांच्या मागण्यांमध्ये होती. गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी त्यासाठी हयात वेचली. मग त्याच जुन्या रुळांसाठी आता हळहळायचं?

यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. मला छोटी गाडी परत नको आहे. मला त्या अन्यायाचा पुरावा हवा आहे. पोत्यांचे ढीग एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरताना हमालांच्या पाठीची काय गत होत होती हे मालधक्क्यावर उभं राहून जेवढं कळतं, तेवढं आंदोलनाच्या पत्रकातून कळत नाही. आणि हमीच्या व्याजाचा विषय निघालाच आहे तर १८८३ आठवू या. हैदराबादला चांदा (आजचं चंद्रपूर) रेल्वे योजना आली तेव्हा अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी तिला जाहीर विरोध केला. करार काय आहे, राज्याच्या तिजोरीवर बोजा किती पडणार, हे लोकांपुढं ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. सरकारनं अघोरनाथांना राज्याबाहेर घालवलं. सरोजिनी नायडू या त्यांच्याच कन्या. निजामाच्या राज्यात रेल्वेवरून झालेला जाहीर वाद लोकांना माहिती मिळावी की नाही यावरून झाला होता. जे रेल्वेला शोषणाची खूण मानतात, त्यांनी तर ही खूण पुसू देता कामा नये. स्टेशन पाडलं तर शोषणाचा इतिहास राहील फक्त भाषणात.

तिसरा आक्षेप लोकांवरच आहे. लोक आत गेले की नावं कोरतात, बाटल्या फोडतात, आठवण म्हणून वस्तू उचलतात. हेही खोटं नाही. यातलं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच मराठवाड्यातलं आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख ओरखडून गेला. ते अक्षर अजून दिसतं. पण त्यावरून अजिंठा बुजवून टाकावा असा निष्कर्ष कुणी काढला नाही. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानानं पुराणवस्तू खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, पुढं इटलीहून जाणकार बोलावून चित्रांची डागडुजी करण्यात आली. पहारा बसला, वाट झाली, नोंदी झाल्या, आणि मग जग आत आलं.

शिवाय लोक म्हणजे फक्त नावं कोरणारे, असं मानायला मी तयार नाही. याच लाईनीपासून जवळ तेर आहे, प्राचीन तगर. तिथं रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. शेतात नांगराला लागलेल्या, पावसात पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून वाहून आलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, खापरं ते वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावानं, त्यांच्याच संग्रहावर उभं आहे. पुरातत्त्वातली पदवी नसलेला माणूस आपल्या गावात फिरत राहिला म्हणून रोमशी चाललेल्या व्यापाराचे पुरावे आपल्या हाती आले. पडक्या स्टेशनात शिरणाऱ्या प्रत्येक पोराकडं गुन्हेगार म्हणून बघताना त्याच्यात एखादा लामतुरे असेल, ही शक्यता आपण आधीच मोडून टाकतो. त्या चार पोरांशी मी नंतर बोललो. त्यांना स्टेशनाबद्दल दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं, मग त्यांनी भूत आणलं. हद्दीची गोष्ट सांगितली तेव्हा चौघंही दोन तास बसून होते.

राहिला पैशाचा आक्षेप. जिथं प्यायला पाणी नाही तिथं पडक्या भिंतींचं कौतुक कशाला, असं विचारतात. विचारणाऱ्याचा राग मला समजतो, कारण टँकरच्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. पण पाण्याचं म्हणाल तर २०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला पाणी आणलं ते रेल्वेनं. मिरजेहून ‘जलदूत’ निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर, पुढं पन्नास वाघिणी लागल्यावर पंचवीस लाख. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी आली. बहुतेक सगळी कॅलथ्रॉपची वाट. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी माणदेश आणि बालाघाट यांतून एक रेघ ओढली आणि शंभर वर्षांनी त्या रेघेवरून अर्ध्या मराठवाड्याच्या डोळ्यांदेखत पाणी आलं. ती रेघ तशी का ओढली, चढ कुठं टाळले, इंजिनाच्या पाण्यासाठी विहिरी कुठं धरल्या आणि त्यांना उन्हाळ्यातही पाणी का राहायचं, हे प्रश्न दुष्काळी मुलखाला निरुपयोगी वाटतात का? मामा ज्या विहिरीबद्दल सांगत होते ती बहात्तरच्या दुष्काळातही आटली नव्हती. तिच्यात आज कचरा आहे.

आणि मी फार पैसा मागतच नाही. रंगवून, दिवे लावून खाण्याचं ठिकाण करा म्हणणाऱ्यांशी माझं इथंच वाजतं. त्यांचा हेतू चांगला आहे, पण काळ्या दगडावर रंग आणि चुन्याच्या जोडणीवर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून फुगत जाते. तशा ‘सुशोभित’ वेशी आणि वाडे आपण गावोगाव पाहतो. त्यात दर वाढवून गावच्याच माणसाला बाहेर उभं करणं आलं. आधी बाभळी काढा, विहीर झाका, छप्पर गेलं असेल तिथं साधे पत्रे टाका आणि दार उघडा. शनिवार-रविवार उघडलं तरी चालेल. शेजारच्या शाळेला त्या जागेची मापं घेऊ द्या, जुन्या नोकरदारांना बोलवा, ते बोलतील ते लिहून घ्या. दोन वर्षांनी ज्यांना पाडायचं आहे त्यांनी खुशाल पुन्हा मागणी करावी. तेव्हा तो निर्णय निदान डोळे उघडे ठेवून होईल. कदाचित काही स्टेशनांबद्दल मीच म्हणेन की इथं राखण्यासारखं काही उरलेलं नाही, मापं आणि आठवणी घेऊन झाल्या आहेत, जागा गावाला द्या.

आमच्या शाळेतल्या नववीच्या अकरा मुलांनी नावं दिली आहेत. मापाच्या दोन टेपा, एक मोठी वही आणि बाभळी तोडायला दोन कुऱ्हाडी आणून ठेवल्या आहेत. मुलांना नेण्यासाठी लेखी परवानगी लागते, म्हणून अर्ज देऊन तीन आठवडे झाले; उत्तर आलेलं नाही. मामांनी ऐंशी ओलांडली आहे. परवा बाजारात भेटले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, “कधी जायचं गुरुजी?” टाच रोवायचा तो दगड मुलांना दाखवायचा आहे म्हणाले, पावसाच्या आधी गेलेलं बरं, एकदा गवत वाढलं की तो सापडत नाही.